तिसऱ्या भोकाची साक्ष

मी कमरेचा पट्टा बोलतोय. ‘कमरेचा’ म्हणताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण आयुष्यातली नऊ वर्षं मी कमरेवर नव्हतोच. कुठे होतो ते सांगायला बसलोय. ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो माणूस आत्ता आंघोळीला गेला आहे, तेवढ्यात उरकतो.

एका तिरसट कारागिराने मला घडवलं. जाड तपकिरी चामडं, पितळी बक्कल आणि एकेका इंचावर पाच भोकं. पहिलं बत्तिसाचं, शेवटचं छत्तिसाचं. आणखी दोन पाडून द्या असं कुणी म्हटलं की तो हातोडीवरून नजरही न काढता म्हणायचा, “भोकं पाडून पोट कमी होत नाही.” त्यामुळे त्याच्या दुकानात गर्दी कमी असायची.

तिथून मला एका शिंपिणीने उचललं. गळ्यातली टेप काढून तिने मला दोनदा मोजलं, पिरगाळून पाहिलं, नखाने खरवडलं आणि नवऱ्यासाठी घेतलं. नवऱ्याला त्याच आठवड्यात अग्निशमन केंद्रात शिडीवर घेतलं होतं. गाडीवरची लांबलचक शिडी उभी राहिली की सगळ्यात आधी वर चढणारा माणूस तो. केंद्रात त्याला सगळे शिडीवालाच म्हणत, आणि कुणी तशी हाक मारली की स्वारी दोन इंच उंच व्हायची.

पहिल्या दिवशी त्याने मला बेंबीवर बांधलं. तिसरं भोक, चौतीस इंच. अंगणातल्या सरावाच्या मनोऱ्यावर तो चढायचा तेव्हा त्याच्या पोटात आणि माझ्यात वारा खेळायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

तीन वर्षांनी केंद्रासमोर एक खाण्याचं दुकान उघडलं. लाकडी बाकं, भिंतीवर हिरव्या पानांची चित्रं, आणि काचेमागे ओळीने मांडलेली भांडी. आपण रांगेत सरकत जायचं, बोट दाखवायचं आणि वाढणारी मुलगी आपल्यासमोर बाऊल भरून देणार. दारावर पाटी होती : ‘ताजं. हलकं. तुमच्यासमोर.’ यातलं ‘ताजं’ आणि ‘तुमच्यासमोर’ खरं होतं.

“खाली भात की पाला?” वाढणारी विचारायची.

“पाला! आपण तब्येत सांभाळून असतो.”

मग पाल्यावर भात थोडासा, चवीपुरता. त्यावर घेवडा. त्यावर भाजलेलं चिकन, दोनदा, कारण प्रथिनं. त्यावर चीज.

“अगं, हात एवढा आखडता का? दुकान तुझ्या वडिलांचं आहे का?”

ती बिचारी आणखी एक मूठ टाकायची. शेवटी सॉस. तो मात्र त्याला बाऊलमध्ये नको असायचा. “बाजूला दे,” असं तो मोठ्या संयमाने सांगायचा आणि दोन वाट्या भरून घ्यायचा. बाजूला दिलेला सॉस पोटात जात नाही अशी त्याची श्रद्धा होती. वर लिंबाचं गोड पेय, कारण लिंबू हे फळ आहे. खाली चार पानं आणि वर डोंगर, असं ते पथ्य आठवड्यातून पाच वेळा चालायचं.

त्याला नावं ठेवायला मी काही नाकाने कांदे सोलत नाही. ते खाणं खरंच चांगलं होतं. पहिल्या घासाला तो डोळे मिटायचा, तेव्हा मलाही बरं वाटायचं. राग मला खाण्याचा नव्हता, त्याच्याभोवती तो जी वकिली करायचा तिचा होता. येईल-जाईल त्याला सांगायचा की आपण जंक खात नाही.

त्यात मनगटावर एक घड्याळ आलं. पावलं मोजणारं, दिसायला चकचकीत, अकलेने यथातथाच. घास घ्यायला हात वर गेला की ते त्यालाही पाऊल समजायचं. एक मोठा बाऊल संपेपर्यंत साहेबांची साडेतीनशे पावलं झालेली असायची, तीही बाकावर बसून. “बघ, जेवता जेवता व्यायाम झाला,” असं तो खरोखर म्हणालेला मी ऐकलंय.

आता माझं पाप सांगतो. पोट वाढायला लागलं तसं त्याने मला चौथ्या भोकात न्यायला हवं होतं. नेलं नाही. त्याने मला खाली सरकवलं. पहिल्या वर्षी एक बोट, मग दोन, मग बेंबी मला दिसेनाशी झाली. पोटाच्या खाली, ओसरीखाली कुत्रं बसावं तसा मी बसू लागलो. आणि तिथे, खाली, तिसरं भोक बरोब्बर लागायचं!

मग केंद्रात चहाच्या वेळी रोजचा खेळ ठरलेला. पंपवाला म्हणजे त्याचा जुना दोस्त, पंप चालवणारा. त्याने जरा चिडवलं की हा शर्ट वर करायचा.

“तिसरं भोक! पहिल्या दिवशी तिसरं, आज बारा वर्षांनी तिसरं. खातो आणि पचवतो. आहे कुणाची टाप?”

“पट्टा तिसऱ्यात आहे रे,” पंपवाला म्हणायचा, “पण तू त्याच्यावरून ओतू जातोयस.”

सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि मी त्याच्यासाठी खोटी साक्ष देत गप्प राहायचो. चामड्याच्या जातीने दुसऱ्याच्या डोळ्यांवर कातडं ओढावं, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल?

मग केंद्राचे नवे साहेब आले आणि त्यांनी नियम आणला. शिडीवर जायचं असेल तर कंबर छत्तीस इंचांच्या आत आणि मनोरा नव्वद सेकंदांत. नापास होणाऱ्याने फोनच्या खोलीत बसायचं, आठ महिन्यांनी पुन्हा एक संधी. त्यातही नापास, तर शिडी कायमची सुटली. बाकीच्यांनी घाम पुसला. आमचे शिडीवाले चाचणीच्या सकाळी भरपेट खाऊन आले.

डॉक्टरीणबाईंनी मला काढायला लावलं. मी खुर्चीच्या पाठीवर लोंबत सगळं पाहत होतो. त्यांनी टेप बेंबीवरून फिरवली.

“साडेएकोणचाळीस.”

“बाई, तुम्ही चुकीच्या ठिकाणी मोजताय. माझी कंबर खाली आहे.”

“बेंबी कुठे आहे तुमची?”

“…इथे.”

“मग कंबरही इथेच. कंबर खाली उतरत नाही हो, पँट उतरते.”

रांगेतले सगळे खो खो हसले. तोही हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. मनोऱ्याला एकशे दहा सेकंद लागले. वर पोचल्यावर तो कठडा धरून बराच वेळ उभा राहिला, जणू काही शहर बघतोय.

घरी शिंपीण कुणाच्या तरी पँटची कंबर उसवत बसली होती. तिचा निम्मा धंदा त्याच कामाचा. त्याने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “पण हे होईलच कसं? माझ्या पँटी अजून चौतिसाच्याच आहेत. तूच तर शिवतेस!”

तिने कात्री खाली ठेवली.

“चौतिसाच्या आहेत, पण पुढून खाली उतरत्या शिवल्यात. दर वर्षी अर्धा इंच. तुम्हाला आकडा तोच हवा होता ना? आकडा ठेवला, कापड कापलं.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“अहो, मी दिवसभर लोकांच्या कमरा मोजते. मला माहीत नसेल?” तिने हातातली पँट बाजूला सारली. “पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. बेंबीवर बांधा म्हटलं, तर म्हणालात, तिथे म्हातारे बांधतात. मग मीही सोडून दिलं. कापडात खोटं शिवलं मी. चुकलं माझं.”

मला त्या बाईचा हात धरावासा वाटला. आम्ही दोघं एकाच गुन्ह्यातले साथीदार होतो.

त्याने दुकान सोडायची शपथ घेतली. नऊ दिवस उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि नऊ दिवस घरात सगळ्यांवर डाफरला. दहाव्या दिवशी फोनच्या खोलीत दोन मोठे बाऊल मागवले. फोनची खोली म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायची जागा. आग लागते दुसरीकडे, आपण खुर्चीत बसून पत्ता लिहून घ्यायचा.

दुसऱ्या बाऊलचा पहिला घास तोंडात असताना फोन वाजला. एक बाई होती, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात धूर. ती खोकत होती आणि तिच्याजवळ कुणाचं तरी मूल रडत होतं. त्याला घास गिळायला दोन सेकंद लागले. दोनच. पण त्या दोन सेकंदांत ती बाई ‘हॅलो, हॅलो, आहे का कुणी?’ म्हणाली.

“आहे. मी आहे,” तो म्हणाला. “दार लावून घ्या, फटीत ओलं कापड कोंबा आणि खिडकीशी उभ्या राहा. शिडी येतेय.”

घंटा झाली. गाडी त्याच्या खिडकीसमोरून गेली. शिडीशेजारी, त्याच्या जागेवर, पंपवाला उभा होता. बाई आणि मूल दोघंही सुखरूप उतरली. वायरलेसवर ते कळेपर्यंत तो उभाच होता, आणि त्याचा हात माझ्या बक्कलवर इतका घट्ट होता की पितळेवर घामाचा डाग उठला. बाऊल तसाच गार झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने तिथलं अन्न टाकलं.

“मी खात होतो गं,” घरी गेल्यावर एवढंच तो बायकोला म्हणाला.

तिने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, “दुकान सोडू नका. तुम्ही सोडलेली गोष्ट दुप्पट धरता. जा, पण घरून चालत जा. आणि बाऊल हातात आला की आधी निम्मा डब्यात काढायचा, मग चमचा उचलायचा. खायला लागल्यावर निम्म्यावर थांबू म्हणाल, तर ते तुमच्या बापजन्मी जमणार नाही. कापड आधी कापतात, मग शिवतात.”

आणि मला उचलून तिने त्याच्या बेंबीवर धरलं. शेवटच्या भोकापासून बक्कल पाच बोटं लांब राहिलं. “हा लागला की पास,” ती म्हणाली. “घड्याळ काढून ठेवा, त्याला काही कळत नाही.”

मला त्या घड्याळाची कीव आली असं म्हणायला हवं, पण आली नाही.

पुढचे जवळजवळ आठ महिने मी दाराशेजारच्या खिळ्यावर होतो, बाहेरचं मला कळलं ते तो रात्री तिला सांगायचा त्यावरून. तो पँटी दोरीने बांधून हिंडत होता. घर ते दुकान तीन किलोमीटर, तो जाताना-येताना चालायचा आणि वाटेत तिला शिव्या घालायचा. पहिल्या दिवशी दुकानात त्याने डबा काढला तेव्हा वाढणारीने विचारलं, “घरच्यांसाठी का?” तो म्हणाला, “नाही, उद्याच्या माझ्यासाठी.” सॉसची एकच वाटी घ्यायची, तीही चमच्याचं टोक बुडवण्यापुरती. चीज किंवा पेय, दोन्हीपैकी एक. पेय त्याने तिसऱ्या महिन्यात सोडलं, चीज अजून सुटलेलं नाही. सकाळी बाकीचे चहा पीत असताना खांद्यावर पाण्याचा पाइप टाकून तो मनोरा चढायचा. चहाच्या टेबलावरून शेरे यायचे, त्यातले काही छापण्यासारखे नाहीत.

दर रविवारी ती मला खिळ्यावरून काढायची. पाच बोटं. पाच बोटं. साडेचार. एका रविवारी पुन्हा पाच झाली. मग चार, तीन. चाचणीच्या आदल्या रविवारी बक्कलची जीभ शेवटच्या भोकाच्या तोंडाशी आली. त्याने श्वास रोखला.

“श्वास सोडा,” ती म्हणाली. “फसवायचं असेल तर मला शिवायला सांगा.”

त्याने श्वास सोडला, आणि मी लागलो. माझं चामडं करकरलं, कारण ते पाचवं भोक जन्मापासून कोरं होतं.

पावणेछत्तीस इंच, अठ्ठ्याऐंशी सेकंद. पास. मनोऱ्यावरून उतरल्यावर पंपवाल्याने त्याला मिठी मारली आणि मग सवयीने विचारलं, “कितवं भोक रे?”

“पाचवं,” तो म्हणाला. त्याने शर्ट वर केला नाही.

ही झाली गेल्या आठवड्याची गोष्ट. आता माझी अवस्था अशी : कडा सोलल्यात, बक्कलचा रंग गेलाय आणि तिसऱ्या भोकाभोवती इतकी जुनी सुरकुती पडलीय की वाकलो तर तिथेच तुटेन. बाजारात म्हणे ताणले जाणारे पट्टे आलेत, त्यांना भोकंच नसतात. कितीही खा, ते ब्र काढत नाहीत. असे पट्टे खूप खपतील.

काल ती दोघं, नवरा-बायको, दुकानात गेली होती. डब्यात निम्मं काढून झालं होतं, पण वाढणारीने आनंदाने चीज जरा जास्तच घातलं होतं. चार-पाच घासांनंतर त्याचा अंगठा हळूच माझ्या आत शिरला. टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही असा. त्याने मला एक बोट खाली सरकवलं.

नऊ वर्षांचा रस्ता असाच, एका बोटाने सुरू झाला होता.

शिंपीण समोर बसून तिचा घेवडा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“वर,” ती म्हणाली.

त्याने मला वर घेतलं.

बाथरूमचं दार वाजतंय, तो येईल आता. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या पट्ट्याला कितवं भोक लागतं ते मला सांगू नका. तो कुठे बसलाय, तेवढं आत्ता हात लावून बघा.