आप्पांची दाढी

ताई आली ती आप्पांना आपल्या घरी न्यायचंच, असं ठरवून. भावाच्या हातून वडिलांच्या गालाला वस्तरा लागल्याचं तिच्या कानावर आलं होतं. भाऊ न्हावी, आप्पाही न्हावीच. झटक्यानं आप्पांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत त्यांचं सगळं भाऊच करत होता. ज्याच्या वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकं खुशाल डुलक्या काढतात, त्यानं बापाचंच रक्त काढावं, म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नाही, असं ताईचं मत झालं. आल्या आल्या तिनं आप्पांचे कपडे पिशवीत भरले.

भावानं काही लपवलं नाही. आप्पांचं आवरताना मन दुकानात, दुकानात असताना मन आप्पांपाशी. धड कुठंच नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून हात पळवला. तेव्हापासून वस्तरा दिसला की आप्पा हनुवटी छातीत रुतवून बसायचे. दाढीचं पार घरटं झालं होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाई घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्यांसाठी एक वर्ग घेत. हल्ली तो तिथं जात होता. हातात जे काम आहे त्यातच राहायचं, आपल्या श्वासाकडे बघायचं, आणि मन पळालंच तर न चिडता त्याला परत आणायचं, एवढंच तिथं शिकवत.

ताईला हसू आवरेना. "श्वास घ्यायला शिकतोस? मग इतकी वर्षं काय उसना घेत होतास?"

"तसंच म्हण," भाऊ म्हणाला. "आज एकदा बघ. आप्पांनी मानेनं नाही म्हटलं तर ने त्यांना. मी आडवा येणार नाही."

त्यानं वस्तरा धार लावायच्या चामडी पट्ट्यावर फिरवला आणि बाजूला ठेवून दिला. कोमट पाण्यात भिजवलेला पंचा आप्पांच्या गालावर ठेवून तो नुसता उभा राहिला. तेवढ्यात दुकानातून कुणी हाक मारली. त्याची मान तिकडे वळली. आता हा आप्पांवर खेकसणार, असं ताईला वाटलं. पण मान हळूच परत आली. खांदे उतरले, श्वास संथ झाला. थोड्या वेळानं आप्पांचाही.

ताईला एकदम आठवलं, गळ्याला वस्तरा लावण्याआधी आप्पा असेच थांबायचे. गिऱ्हाइकानं श्वास सोडला की मगच हात चालवायचे.

आप्पांनी एक डोळा उघडला. नव्या कारागिराला जोखावं तसं लेकाला जोखलं. मग हनुवटी हळूहळू वर केली, सगळा गळा उघडा पडेपर्यंत.

भावानं वस्तरा उचलला. असा हात ताईनं एकाच माणसाचा पाहिला होता, आणि तो माणूस समोर डोळे मिटून बसला होता. तिनं पिशवीतले कपडे फळीवर परत लावले.

"तुझा वर्ग असेल तेव्हा मी बसेन आप्पांपाशी," ती म्हणाली. "चुकवू नकोस."

मग ती बाहेर गेली आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बसा निवांत. आत दाढी चाललीय."