येणारी जीप

बटण पांढरं होतं. बाकीची काळी, लोकरीत बुडालेली, आणि पोटाशी एकच हे पांढरं, मोठं, उशीच्या अभ्र्याला असतं तसं... कॉम्प्युटरच्या पडद्यावर धूळ बसली असेल म्हणून यशोदानं पदरानं काच पुसली. बटण तिथंच राहिलं. रस्त्याकडेला ओळीनं निजवलेली माणसं, तोंडांवर चादरी टाकलेली. शेवटच्याची चादर आखूड पडलेली, त्यामुळे छातीपासून खाली तो उघडा, स्वेटरसकट.

"यशोदाबाई, एकेक फोटो निरखत बसलात तर दिवाळी उजाडेल," मागून रतिलालभाऊ म्हणाले. धुळ्याच्या या वर्तमानपत्रात कॉम्प्युटर आल्यापासून या खोलीचे राजे तेच. "गठ्ठा निवडा, सगळ्यांना एकच कॅप्शन, एकच कीवर्ड. अपघात, जीप, अनोळखी. चला पुढे."

काम तसं सोपं होतं. कपाटातले जुने फोटो स्कॅन होऊन ढिगानं आत आले होते. प्रत्येकाखाली एक ओळ लिहायची, आणि पुढे कधी कुणी शोधलं तर फोटो वर यावा म्हणून दोन-चार शब्द टाकायचे. शब्द नसला की फोटो असून नसल्यासारखा. दुपारपर्यंत तिनं वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागा आटोपल्या, पुढाऱ्यांच्या गळ्यातले हार आटोपले, कुस्त्या, सामुदायिक विवाह... हात चालत होते आणि मन घरी तांदूळ निवडत होतं. आणि आता हे बटण.

अभ्र्याचंच होतं ते. चार वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झालेली, तिचा नवरा पितांबर चाळीसगावला कामाला निघालेला, दोघांत आठवडाभर अबोला – आणि तरी तिनं त्याचा स्वेटर ओढून घेऊन तुटलेल्या बटणाच्या जागी हाताला लागलं ते शिवून टाकलं, रागानं, दोरा करकचून आवळत. तो हसला होता. "आते मी दूरथून बी वळखाई जासू," एवढंच बोलला... आणि गेला. पत्र नाही, निरोप नाही. मग उन्हाळ्यात सुरतेहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, तिकडे त्याला एका बाईबरोबर पाहिलं. त्या दिवसापासून यशोदाला बरं वाटू लागलं, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण रडणाऱ्या बाईला जो तो उपदेश करतो, चिडलेल्या बाईच्या वाटेला कुणी जात नाही. त्या रागावर ती टायपिंग शिकली, नोकरीला लागली, सासूला सांभाळू लागली. त्याचे शर्ट तिनं दिराला, चिंधाला, देऊन टाकले. कुंकू लावायची ते सासूसाठी. केसरबाई रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायच्या, आणि यशोदा मुद्दाम पाठ करून. मेला असता तर बरं झालं असतं, असंही ती एकदा बोलली होती... भाकरी थापता थापता, सहज.

पांढरं बटण काय जगात एकच असतं? असतील शेकडो. पण दोरा – चार भोकांतून दोरा फुलीसारखा न घेता ती चौकोनी घ्यायची, आईनं शिकवला तसा. तिनं फोटो मोठा केला. चित्र फुटलं, सगळीकडे चौकोनच चौकोन झाले. हा चौकोन दोऱ्याचा की कॉम्प्युटरचा? तिनं कपाटातल्या पाकिटातून मूळ फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

दोऱ्याचाच होता.

मागे फोटोग्राफरनं पेन्सिलनं लिहिलेलं, साल पितांबर गेला त्याच हिवाळ्यातलं: 'भोगीचा दिवस. चाळीसगावहून धुळ्याकडे येणारी जीप उलटली. मृतांची ओळख पटली नाही.'

येणारी. जाणारी नव्हे, येणारी. दुसऱ्या दिवशी संक्रांत... माणसं सणाला घरी येतात, तसा तो येत होता. म्हणजे उन्हाळ्यात सुरतेत दिसला तो कुणी दुसराच, आणि त्या दुसऱ्यावर मी इतकी वर्षं जळत राहिले – आणि हा इथं, या कपाटात, ज्याला पाठ टेकून मी रोज डबा खाते... तिला रडू आलं नाही. भीती वाटली. उद्या सकाळी उठायचं कशाच्या जोरावर, याची भीती.

कर्सर लुकलुकत होता. 'पितांबर' लिहिलं की केसरबाईंचं रस्त्याकडे बघणं संपलं. म्हातारीला दुसरं होतं काय? नाही लिहिलं तर तो अनोळखी, तिच्या हातच्या बटणासकट अनोळखी, आणि कुणी कितीही शोधलं तरी वर न येणारा. तिनं 'पि' टाइप केलं. खोडलं.

"झालं का?" रतिलालभाऊंनी विचारलं.

"एक राहिलाय," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा केसरबाई ओट्यावर होत्या. "उनी का? पितांबरनं काई समजनं का?" रोजचाच प्रश्न. रोज यशोदा उत्तर न देता चपला आपटत आत जायची. आज पाय उचलेना. सगळं ओठांपर्यंत आलं... म्हातारीची मान तिच्याकडे वळली होती, डोळे मात्र रस्त्यावरच होते.

"नही, आत्या," ती सासूला म्हणाली, आणि आत जायच्याऐवजी तिच्याशेजारी बसली. रस्त्याकडे तोंड करून.

चाळीसगावच्या बाजूनं एक जीप आली. दोघींनी एकदमच माना वर केल्या. जीप थांबली नाही. केसरबाईंनी सवयीनं मान खाली घातली. यशोदाला ते जमेना.