बावीस पानांवरचा श्री

परक्या देशात घर घ्यायचं, तर आधी सरकारी परवानगी लागत होती. नर्सबाईंनी ड्यूटी सांभाळून बावीस पानांचा अर्ज भरला होता. घरमालकीण शुक्रवारपर्यंतच थांबणार होती आणि आज शुक्रवार उजाडला होता.

खिडकीमागच्या कारकुनाने पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "प्रत्येक पानावर ही कसली खूण? अर्जावर जादा खूण चालत नाही."

बाईंनी वाकून पाहिलं. तो 'श्री' होता. कोरा कागद समोर आला की माथ्यावर आधी 'श्री' काढायचा, हे वळण आईने बोटांना लावलेलं. वाणसामानाच्या यादीवरसुद्धा त्यांचा हात चुकत नसे.

"तरी म्हणत होतो, अर्ज मी भरतो," शेजारी बसलेला नवरा पुटपुटला.

"तुम्ही अजून पहिल्याच पानावर असता," बाई म्हणाल्या आणि कारकुनाकडे वळल्या. "देवाची आठवण आहे हो ती. काम सुरू करताना त्याला आधी हाक मारतो आम्ही."

"बावीस वेळा?"

"पानं तुम्हीच बावीस दिलीत."

कारकून हसला. "मग प्रत्येक खुणेशेजारी सही करा, म्हणजे ती तुमचीच ठरेल."

बावीस सह्या झाल्या, मंजुरीचा शिक्का पडला. बाईंना आपल्या स्वयंपाकघराची खिडकी डोळ्यांपुढे दिसू लागली.

त्या उठणार, तोच कारकुनाने खणातून एक चुरगळलेला अर्ज काढला. "माझ्या बदलीचा. दोन वर्षं अडकलाय. यावर काढाल एक?"

बाईंनी पेन उघडलं. "काढते की. पण शेजारी सही तुम्ही करायची."