चिरा पाणी पिऊन आला होता

मी एक जुना, तांब्याचा कॅलरीमापी आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी मी पेल्याएवढाच; केळशीजवळच्या एका शाळेत लाकडी पेटीत लोकर गुंडाळून बसवलेला.

कुठली वस्तू तापायला किती उष्णता लागते, हे माझ्या पोटात ठरतं. तापलेली वस्तू माझ्यातल्या थंड पाण्यात सोडा. ती जेवढी उष्णता देते, तेवढी पाणी आणि मी मिळून घेतो. वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातला फरक, एवढंच गणित. मात्र माझा वाटा धरायला हवा. पोरं तोच विसरतात आणि खापर माझ्यावर फोडतात.

पूर्वी आमसुलाने घासलं की मी लखलखायचो. मग प्रयोग पडद्यावर दिसू लागले आणि मी कपाटात गेलो. गेलो तर गेलो. पण यंदा दहावीतल्या मृणालीने मला बाहेर काढलं. तिच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती दिवेलागणीनंतरही गरम असतात. जांभ्या दगडाचा हा चिरा किती उष्णता धरतो, ते तिला मोजायचं होतं.

"पितळेचा तुकडा तापवतो तसाच उकळत्या पाण्यात तापव," विज्ञानाचे दीपक सर म्हणाले. तिने चिऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधून तापवला, झटकला आणि माझ्यात सोडला. उत्तर आलं साध्या दगडाच्या दीडपट.

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भांडं जुनं झालंय. उष्णता पळते त्यातून. उद्या भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू." माझ्या पोटावर त्यांनी 'बाद' अशी चिठ्ठी डकवली.

मित्रांनो, माझं डोकंच फिरलं. उष्णता पळाली असती तर उत्तर कमी आलं असतं, जास्त कसं येईल? मला पोचे पाडा, काळा पडू द्या, पण खोटा म्हणू नका.

मृणाली घरी गेली नाही. तिने मला पाण्यासकट, चिऱ्यासकट तराजूवर ठेवलं. आमच्या तिघांच्या आधीच्या वजनांच्या बेरजेहून वजन जास्त भरलं.

"सर, भांडा खोटा नाय," ती म्हणाली. "चिरा पानी पिऊन आलाय. भोकाभोकांत कढत पानी हाय त्याच्या."

सर थबकले. पाणी दगडापेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतं, आणि ती सगळी चिऱ्याच्या नावावर मांडली गेली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कोरडा तापव."

तिने कोरड्या चिऱ्याचे खडे परीक्षानळीत भरले, बूच लावून नळी उकळत्या पाण्यात धरली आणि तापलेले खडे माझ्यात ओतले. या वेळी उत्तर दगडाला शोभेल असं आलं.

चिठ्ठी सरांनीच खरवडून काढली. डिंकाचा डाग राहिला आहे, तो राहू द्या. मित्रांनो, मला घासा, पण घासल्यावर पुन्हा वजन करा, कारण मी झिजतो. आणि गणित चुकलं तर मला फेकण्याआधी पाण्यात काय काय पडलं ते बघा.

भंगारवाला पुढल्या वर्षीही येईल. येऊ दे. त्याचा तराजू फक्त माझं वजन सांगेल. मी काय मोजतो, ते मृणालीला विचारा.