दंड भरला नाही

थांबा, आधी मला पूर्ण सांगू द्या. मध्ये कुणी हसायचं नाही.

मी जिम का लावली ते तुम्हाला माहीतच आहे. ऑफिसात पाण्याचा जार मशीनवर चढवायला गेले आणि जारसकट खाली बसले. तेव्हापासून सगळे मला ‘जारबाई’ म्हणतात. म्हटलं, आता दाखवतेच एकेकाला! संध्याकाळची जिम, सकाळी उकडलेली अंडी, आणि प्रोटीन पावडरचा हा एवढा मोठा डबा, चॉकलेटच्या चवीचा.

आणि तो डबा रिकामा व्हायला लागला.

म्हणजे मी खात होते त्यापेक्षा जास्त! आधी वाटलं, आपलाच हिशोब चुकतोय. मग मी डब्यावर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी पावडर रेघेच्या खाली. अंडीसुद्धा गायब. आई दह्याचं भांडं घेऊन घरभर फिरतेय, ‘रात्री विरजण लावते आणि सकाळी तळ दिसतो, घरात मांजर शिरतंय की काय?’

माझा संशय सरळ भावावर. आमच्या काडीवर. इतका बारीक, की दाराआड लपायला त्याला दारही लागत नाही. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“काडी, खरं बोल. माझी पावडर तू खातोस?”

“मी? ताई, तुझी ती पावडर मी एकदा चाटली होती. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.”

“म्हणजे चाटलीस!”

“एकदा! आणि ती खाऊन मी असा दिसलो असतो का? अक्कल चालव जरा.”

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला. पण मग कोण? आईला तर त्या वासानेच मळमळतं. उरले बाबा.

आमचे बाबा काचेचं काम करतात. दुकानांच्या मोठमोठ्या काचा बसवायचं. मध्यंतरी शिडीवरून पडले, उजवा हात मोडला, बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं, कामावर गेले, सगळं पहिल्यासारखं. निदान आम्हाला तसंच वाटत होतं. पण एकदा डोक्यात किडा वळवळला ना, की सगळंच दिसायला लागतं. एवढ्या उकाड्यात बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतात? घरातसुद्धा? बाथरूममध्ये नळ सोडतात आणि आतून खडखड, खडखड आवाज येतो, तो कसला? अरे, तो माझ्या पावडर घुसळायच्या शेकरमधला गोळा होता! आणि धुवायला टाकलेल्या त्यांच्या रुमालाला चॉकलेटचा वास.

तरी म्हटलं, पक्का पुरावा हवा. मग रविवारी ते जिन्यात उभे राहून फोनवर हळूच बोलत होते. मी दाराला कान लावला. हो, लावला, तुम्ही लावला नसता का?

“नाही, अजून दंड भरला नाही,” बाबा म्हणाले. “भरला की येतोच. तोवर दुसऱ्याला घेऊ नका, एवढं ऐका माझं. आणि घरी कुणाला बोलू नका.”

दंड! बाबांना? ज्यांनी आयुष्यात कधी बागेतलं फूल तोडलं नाही, त्यांना? आणि ‘दुसऱ्याला घेऊ नका’ म्हणजे दुसऱ्याला पकडू नका, कुणाला तरी पाठीशी घालतायत! एखाद्याची काच फुटली असणार, आळ बाबांवर आला असणार. मग पावडर कुठे जात होती? विकायला! आमचा ट्रेनरपण पावडर विकतो ना, त्यालाच देत असणार. डोक्यात पूर्ण पिक्चर तयार. फक्त शेवट बाकी.

सोमवारी मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकली आणि जेवणाच्या वेळी बाबा काम करतात त्या काचेच्या दुकानासमोर थांबले. बाबा बाहेर पडले, हातात पिशवी, मागे वळून बघतायत. चोरासारखे! मी मागोमाग. आणि गेले कुठे? माझ्याच जिममध्ये. म्हटलं, सापडलास.

धाडकन दार उघडलं. आत दुपारी कुणी नसतं. ट्रेनर होता आणि आरशासमोर बाबा. बाह्या वर केलेल्या. हातात तो गुलाबी डंबेल, जो मीसुद्धा लाजेने उचलत नाही.

मी त्यांचा उजवा हात बघितला. कोपराच्या वर हाडावर मांसच नव्हतं. काडीचा हात परवडला. डाव्या हाताच्या शेजारी तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

“तू इथे?” बाबा म्हणाले.

“बाबा, कसला दंड झालाय तुला? सांग मला, आपण भरू.”

बाबांनी ट्रेनरकडे बघितलं, ट्रेनरने छताकडे. मग बाबांनी आपल्या त्या बारक्या दंडावर थाप मारली.

“हा,” म्हणाले. “हा भरत नाहीये.”

अरे हसू नका! आपण बायसेप म्हणतो ना सारखं. दंड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पावतीच येते!

मग बाबा बाकावर बसले आणि म्हणाले, मोठी काच दोघं उचलतात. एकाचा हात थरथरला की काच त्याच्याकडे झुकते, आणि मग दोघांचीही खैर नाही. म्हणून त्यांचा जोडीदार त्यांच्याबरोबर काच धरेना. मालकाने बाबांना फोटोफ्रेमच्या काचा कापायला बसवलं होतं. महिनाअखेरपर्यंत हातात ताकद आली नाही, तर जोडीला नवा माणूस.

“तीस वर्षं काच उभी केली मी,” बाबा म्हणाले. “आता टेबलावर कापतो. हे आईला कसं सांगू?”

“डॉक्टरांना विचारलंस ना?”

“त्यांनीच पाठवलं. हळूहळू उचला म्हणाले.”

“आणि माझी पावडर?”

“ती मीच प्यायलो,” बाबा म्हणाले.

“विकतो मी, पण ती बंद करा असं यांना मीच सांगितलं,” ट्रेनर मध्येच म्हणाला. “अंडी, दही, दूध, पोटभर जेवण आणि झोप, एवढं पुरतं. बाबांनी ऐकलं. तू जेवण सोडून पावडर पितेस, म्हणून तुझा जार अजून खालीच आहे.”

याला जारचं कुणी सांगितलं? तुमच्यापैकीच कुणीतरी. ते नंतर बघते.

त्या दिवसापासून माझ्या ताटातलं एक अंडं बाबांच्या ताटात. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी जिममध्ये त्यांच्यासमोर उभी राहून, “अजून एक, बाबा, अजून एक.” ते शिव्या देत, पण उचलत.

महिनाअखेरीला एका कपड्यांच्या दुकानाची काच होती, भिंतीएवढी. मी रस्त्याच्या पलीकडे उभी. जोडीदार काकांनी एक बाजू धरली, बाबांनी दुसरी. उचलली. मधेच काच बाबांच्या बाजूला किंचित कलली, मी रस्त्यात एक पाऊल टाकलं. काका थांबले. बाबांनी खांदा घट्ट केला. काच सरळ झाली. आणि चौकटीत बसली.

रात्री जेवताना बाबा हळूच माझ्याकडे वाकले. “भरला,” म्हणाले.

“काय भरलं?” आईने विचारलं.

“दंड,” मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

आईचा हात ताटावरच थांबला. तिने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग दह्याच्या रिकाम्या भांड्याकडे.

“कसला दंड? कुणाला? आणि माझ्यापासून काय लपवताय तुम्ही दोघं?”

बाबांनी उजवी बाही वर सरकवायला सुरुवात केली.