एकओळी

“मूढ? मूढ कोणाला म्हणतंय हे?” चौकशीच्या खिडकीतल्या ताईंनी पट्टीवरून हात झटकन मागे घेतला.

ताईंना दिसत नव्हतं. कीबोर्डापुढच्या पट्टीवर ब्रेलची टिंबं वर यायची आणि संगणकावरची एकेक ओळ त्या बोटांनी वाचायच्या. कुठला पेशंट कुठल्या वॉर्डात, हे त्या फोनवर इतक्या चटकन सांगत की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. आज हॉस्पिटलात नवा प्रोग्रॅम सुरू झाला होता आणि पट्टीवर एवढंच उमटलं होतं: टर्मिनल मूढ. प्रोग्रॅम चालणार नाही.

संगणक विभागातले एक गृहस्थ धावत आले; त्यांना सगळे पडदेवाले म्हणत. हॉस्पिटलात नाना तऱ्हेची टर्मिनलं, म्हणजे मुख्य संगणकाला जोडलेले पडदे-कीबोर्ड, होती. एकाचा पडदा एका खुणेने पुसला जाई, दुसऱ्याचा भलत्याच. प्रत्येक प्रकाराला नाव द्यायचं आणि त्याला काय काय जमतं ते प्रोग्रॅमला लिहून कळवायचं, हे यांचं काम. म्हणून पडदेवाले. नव्या मेट्रनने तर त्यांना एकदा खिडक्यांची मापं घ्यायला बोलावलं होतं.

“तुम्हाला नाही म्हणत, ताई. ज्या यंत्राचं वर्णन सापडत नाही, त्याला हा मूढ धरतो.”

“म्हणजे माहीत याला नाही आणि मूढ आम्ही?”

पडदेवाले वर्णन लिहायची परवानगी मागायला तडक हॉस्पिटलच्या साहेबांकडे गेले.

“एका बाईसाठी कुठे वर्णनं लिहीत बसता?” साहेब म्हणाले. “त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसवू. खिडकीत दुसरी कुणी येईल. आणि मूढ यंत्राला म्हटलंय हो, बाईंना नाही. एवढं काय लागलं?”

“तो शब्द त्यांच्या बोटांखाली उमटला, साहेब. तुमच्या नाही.”

पडदेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. परवानगीबिरवानगी गेली खड्ड्यात, असं पुटपुटत पडदेवाले खिडकीशी परतले आणि खुर्ची ओढून बसले.

“सांगा ताई, याला काय काय येतं? पडदा पुसता येतो?”

“पडदाच नाही, तर पुसतंय काय! ओळ बदलते. चाळीस अक्षरांची.”

“ठळक अक्षर?”

“त्याच्याखाली दोन जादा टिंबं येतात. रंगाचं विचारू नका.”

“आपण कुठल्या अक्षरावर आहोत ते कसं कळतं?”

“तिथली टिंबं थरथरतात. आणि घंटा वाजते, तीही लिहा. काही सोडू नका.”

पडदेवाल्यांनी काही सोडलं नाही. शेवटी यंत्राला नाव काय द्यायचं ते विचारलं.

“एक ओळ दाखवतं ना? एकओळी म्हणा. उगाच गौरव नको आणि शिवीही नको.”

प्रोग्रॅम सुरू झाला. साहेब तरातरा आले तेव्हा खिडकीसमोर नातेवाइकांची गर्दी होती. “हे वर्णन आत्ताच्या आत्ता काढा,” ते पडदेवाल्यांवर ओरडले.

“नाही काढणार.”

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी पट्टीवर बोटं फिरवली. “आजोबा शुद्धीवर आलेत. दुसरा मजला, जिन्याशेजारचा वॉर्ड. सावकाश या, घाबरू नका.” गर्दीतली एक म्हातारी पुढे सरकली, “माझ्या सुनेचं बघ गं बाई.” एवढ्या लोकांदेखत ताईंना उठवायचं धाडस साहेबांना झालं नाही. त्यांनी राग काढला तो पडदेवाल्यांवर. संध्याकाळच्या आत बदलीचा हुकूम निघाला: तळघरातलं भांडार, मोडक्या कॉटा आणि सलाइनचे स्टँड.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडाराच्या जिन्यावर काठीचा आवाज आला. पडदेवाले हात द्यायला धावले. ताईंनी तो घेतला नाही. भिंत चाचपत त्या खोक्यांपर्यंत आल्या.

“अंधार आहे इथे,” पडदेवाले ओशाळून म्हणाले. “बल्ब गेलाय.”

“असेल. सरका जरा.” त्यांनी मांडीवर डबा उघडला आणि झाकणात वाढून त्यांच्यापुढे धरला.

पडदेवाले चाचपडतच जेवले.