डावा दिवा

दादाची गाडी पुन्हा दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा माझे दोन्ही हात एका टकल्याच्या डोक्यावर होते. बदाम तेलाची चंपी चालू होती. वहिनी खाली उतरल्या आणि काचेतूनच डावा डोळा मिटून दाखवला. म्हणजे गाडीचा डावा दिवा पुन्हा गेला.

गाडी तशी कोरीच. सीटवरचं प्लास्टिक दादाने काढू दिलं नव्हतं, आणि मग दादाच गेला. पुढे पार्किंगमध्ये कुणीतरी डाव्या बाजूला ठोकलं, आतला बल्ब उडाला. शोरूमवाले दिवसभर गाडी ठेवून घेतात आणि वहिनींना हॉस्पिटलातल्या ड्यूटीतून सुट्टी मिळेना. मी म्हटलं, बल्बच ना, आणा इकडे. बसवला. थोड्या दिवसांत उडाला. दुसरा बसवला, तोही उडाला. कंपनीने बसवलेला उजवा मात्र ठणठणीत.

मला वाटायचं, दादाच करतोय. आमचं तसंच होतं. मी त्याच्या चपला खिळ्याने फरशीला ठोकायच्या, त्याने माझ्या पावडरच्या डब्यात पीठ भरायचं. तो गेल्यापासून डब्यातून पावडरच निघते.

टकल्याला म्हटलं, "बसा, केस वाढेपर्यंत आलोच." तो हसला. आजकाल विनोद तोंडातून आपोआप पडतात, माझे मलाच ऐकू येत नाहीत.

"भाऊजी, रविवारी गिऱ्हाईक येतंय," वहिनी म्हणाल्या. "गाडी देऊन टाकते."

"का?"

"काल ड्यूटीवरून येताना समोरून ट्रक आला. त्याला एकच दिवा दिसला, वाटलं मोटारसायकल आहे. अंगावरच घातला. मी गाडी खड्ड्यात उतरवली म्हणून वाचले." भाजी निवडता निवडता सांगावं, तसं सांगितलं.

मला काहीतरी वाटायला हवं होतं. गाडी गेली की दादाचं म्हणून रस्त्यावर दिसणारं काहीच उरणार नव्हतं, एवढं कळत होतं.

"नका विकू," मी म्हटलं. "बल्ब आणून ठेवलाय मी."

"तुमचे बल्ब एक दिवस जीव घेतील माझा."

बॉनेट उघडलं. जुना बल्ब काढून त्यांच्या हातात दिला आणि नव्याचं खोकं फोडलं. आता नेहमीसारखा अंगठ्याने चोळून पुसणार, तेवढ्यात वहिनींनी मनगट धरलं.

"भाऊजी, याला बदामाचा वास येतोय."

"कशाला?"

"जुन्या बल्बला. आणि हा बघा, काचेवर तुमचा अंगठा. अख्खा उमटलाय. बरोबर त्याच जागी काच फुगलीय."

मग त्यांनी खोकं उलटं करून दाखवलं. एका हाताचं चित्र, त्यावर लाल फुली.

"हे बघितलं नाहीत कधी?"

"मला वाटलं, हात असलेल्यांनी घेऊ नये."

"आमच्या ऑपरेशनच्या दिव्यांनासुद्धा कुणी उघडा हात लावत नाही. तेल लागलं की काच तिथेच तापते."

मी हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत चकाकत होते.

"म्हणजे दादा नव्हता," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

केसांना रंग लावायचे हातमोजे चढवले आणि बल्ब बसवला. वहिनींनी बटण दाबलं. दुकानाच्या सावलीतल्या भिंतीवर दोन गोल पडले, अगदी सारखे. त्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. आतून टकला म्हणाला, "अहो, वाढले."

वहिनींनी नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला. "सांगा त्या गिऱ्हाइकाला, नाही विकायची. आवाज बदलून बोलायची हौस आहे ना तुम्हाला."

आहे. पोलिसाचा काढतो, बँकेतल्या बाईचा काढतो, दादाचाही काढायचो. तिकडून 'हॅलो' आलं. तोंड उघडलं, तर माझाच आवाज निघाला.

"गाडी विकायची नाही."

"का हो?"

"माझ्या हाताला तेल होतं."

तो माणूस म्हणाला, "बरं."

मी हातमोजे काढले आणि पुन्हा टकल्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.